साथीच्या रोगातले इंग्रजी शब्द



ह्या व्याख्यानमालेत काल ज्ञानेश्वरीवर व्याख्यान झाले, उद्या नाट्यसंगीतावर व्हायचे आहे, आणि मधल्या दिवशी माझ्यासारखा एक निवृत्त इंग्रजीचा मास्तर रोगराईच्या शब्दांवर बोलायला उभा राहिला आहे. चालकांनी विषय विचारला तेव्हा मी सांगितले, ‘विषाणूंच्या साथीविषयी बोलताना लागणारे इंग्रजी शब्द कसे शिकावेत.’ ते जरा घुटमळले. म्हणाले, ‘गुरुजी, ती साथ तर ओसरली. आता कशाला?’ मी म्हटले, साथ चालू असताना शिकवायला बसलो तर ऐकणाऱ्याचे निम्मे लक्ष शेजारच्या खोकल्याकडे असते. आज येथे सगळे स्वस्थ बसले आहेत, तेव्हा हीच वेळ बरी.

एक गोष्ट आधी कबूल करतो. मी वैद्य नाही. औषध सांगणार नाही, पथ्यही सांगणार नाही. माझा अधिकार फक्त शब्दापुरता, आणि तोही किती तोकडा आहे हे पुढे एका हकिकतीवरून आपल्या ध्यानात येईलच.

२०२० सालच्या मार्चपूर्वी आपल्या गावात रोगाची इंग्रजी भाषा किती होती? टायफॉइड, मलेरिया, बी. पी., शुगर, झालेच तर ऑपरेशन. पुढल्या पंधरवड्यात मात्र भाजीवाल्यापासून बालवाडीतल्या पोरापर्यंत सगळ्यांच्या तोंडी क्वारंटाइन, आयसोलेशन, ॲसिम्प्टोमॅटिक असे शब्द खेळू लागले. पाव्हणे घरात शिरावेत आणि त्यांचे नावगाव विचारायलाही सवड मिळू नये, तसे झाले. माझ्या शेजारच्या आजोबांनी वर्तमानपत्रात ‘नॉव्हेल कोरोनाव्हायरस’ असे वाचून मला विचारले, ‘गुरुजी, हा कोणत्या कादंबरीतला?’ मी हसलो, पण त्यांचे चुकले काय? आम्ही शाळेत ‘नॉव्हेल’ म्हणजे कादंबरी एवढेच शिकवले. मुळात तो शब्द ‘नवा’ ह्या अर्थाचा. पाश्चात्त्यांकडे गद्य गोष्टीचा तो प्रकार नवा म्हणून त्याला ते नाव पडले, आणि आपण बाणभट्टाच्या एका ग्रंथाच्या नावावरून त्याच प्रकाराला कादंबरी म्हणू लागलो. ‘कोरोना’ म्हणजे मुकुट. खग्रास ग्रहणात सूर्याभोवती जे तेजाचे वलय दिसते त्यालाही तेच नाव आहे. सूक्ष्मदर्शकातून ह्या जातीच्या विषाणूभोवती तसेच वलय दिसले म्हणून १९६८ साली शास्त्रज्ञांनी हे नाव सुचवले. आणि ‘व्हायरस’ हा लॅटिन शब्द विषाचा वाचक. आपले ‘विष’ आणि त्यांचे ‘व्हायरस’ एकाच मूळ धातूची लेकरे आहेत असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे ‘विषाणू’ हा शब्द ज्याने कोणी घडवला त्याने नकळत दोन दुरावलेल्या भावंडांची भेट घडवून आणली.

पण असल्या व्युत्पत्तीच्या गमती सांगण्यासाठी मी येथे आलो नाही. ज्या शब्दाने मला नीजच येऊ दिली नाही, तो शब्द फार साधा आहे. तो म्हणजे ‘मॉडरेट’.

एप्रिल २०२१. दुसरी लाट. ते दिवस आपणांस आठवत असतील. न आठवणेच ज्यांना बरे वाटते अशीही माणसे ह्या सभेत आहेत, त्यांची मी क्षमा मागतो. आमचे एक स्नेही तापाने पडले होते. सायंकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला. हा मुलगा माझ्या हाताखाली शिकलेला. म्हणाला, ‘सर, बाबांना तपासून एक कागद दिलाय. ऑक्सिजन बाण्णव लिहिलाय आणि खाली “मॉडरेट” लिहिलंय. आमच्या डॉक्टरांचा फोन लागत नाही. मॉडरेट म्हणजे काय?’ आणि मी, चाळीस वर्षे इंग्रजी शिकवलेला मनुष्य, क्षणाचाही विचार न करता म्हणालो, ‘अरे, मॉडरेट म्हणजे मवाळ! गोखल्यांचा पक्ष. माफक, बेताचे. घाबरू नकोस, सकाळी बघू.’

शब्दकोश काढून पाहा, माझा अर्थ बरोबर आहे. सुरतेच्या काँग्रेसपासून मराठी मनुष्य ‘मॉडरेट’चा अर्थ मवाळ असाच करीत आला आहे. पण रुग्णालयाच्या कागदावर तो शब्द गोखल्यांचा नव्हता. त्याच महिन्यात दिल्लीहून वैद्यांसाठी जी कोष्टके निघाली होती, त्यांत तीन पायऱ्या होत्या. ‘माइल्ड’ म्हणजे ताप, खोकला आहे पण धाप नाही, रक्तातला प्राणवायू उतरलेला नाही. अशाने घरी वेगळे राहावे. ‘मॉडरेट’ म्हणजे धाप लागते, किंवा मिनिटाला चोवीस वा अधिक श्वास पडतात, किंवा प्राणवायूचा आकडा नव्वद ते त्र्याण्णवच्या घरात आला आहे. अशाला वॉर्डात दाखल करावे. आणि ‘सिव्हिअर’ म्हणजे आकडा नव्वदच्या खाली, त्याला अतिदक्षता विभागात न्यावे. म्हणजे ज्या शब्दावर आम्ही निर्धास्त झोपलो, त्या शब्दाचा तेथला अर्थ ‘उठा आणि निघा’ असा होता.

ते रात्रभर घरीच राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी आकडा शहाऐंशीवर आला. त्या दिवसांत खाट मिळणे म्हणजे काय होते ते मी सांगायला नको. रात्री उशिरा तालुक्याच्या गावी एक जागा मिळाली. एकोणीस दिवसांनी ते घरी आले, परमेश्वराची कृपा. मी नंतर तेथल्या डॉक्टरांना गाठून विचारले, की एक दिवस आधी आणले असते तर? ते म्हणाले, ‘सांगता येत नाही, गुरुजी.’ त्या उत्तराने माझे समाधान झाले नाही, आजही होत नाही. आमचे स्नेही मोठ्या मनाचे. अजून जिना चढताना त्यांना मधल्या पायरीवर थांबावे लागते, आणि तेथे उभे राहून ते मला हाक मारतात, ‘काय, मवाळ मास्तर!’

त्या उन्हाळ्याच्या अखेरीस, लाट उतरल्यावर, आपल्या ह्याच वाचनालयाच्या मागच्या खोलीत मी एक वर्ग सुरू केला. रविवारी सकाळी, फी नाही. चार आशाताई, नर्सिंगला जाणाऱ्या दोन मुली, औषधाच्या दुकानातला एक पोरगा आणि रुग्णवाहिकेचा एक चालक, असे आठ विद्यार्थी. पहिल्याच दिवशी मी शहाण्यासारखा फळ्यावर दोन रकाने आखले, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. तासाभराने रुग्णवाहिकेच्या चालकाने हात वर केला. ‘सर, हे सगळं पाठ होईल. पण मला कुणी “सस्पेक्टेड केस” आहे म्हणून सांगितलं, तर मी गाडीत काय तयारी ठेवायची, ते ह्या रकान्यात कुठं आहे?’

माझी शिकवण्याची रीत त्या दिवशी मोडली, आणि मोडली ते बरे झाले. रोगाच्या इंग्रजीत प्रत्येक शब्दाच्या पोटात एक कृती दडलेली असते. ‘सस्पेक्टेड’ म्हणजे पोलिसांचा संशयित नव्हे. लक्षणे जुळतात पण तपासणीचा निकाल आलेला नाही, म्हणून सारी काळजी घ्यायची. ‘कन्फर्म्ड’ म्हणजे निकाल आला. ‘काँटॅक्ट’ म्हणजे मोबाइलमधला नंबर नव्हे, रोग्याच्या सहवासात आलेला मनुष्य. तो आजारी आहे असे नाही, त्याच्यावर लक्ष ठेवायचे. ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे चांगले नव्हे, जे शोधत होतो ते सापडले. जन्मभर आम्ही मुलांना ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणून उपदेश केला, आणि एके दिवशी त्याच शब्दाने घराला टाळे लागले! ‘निगेटिव्ह’ म्हणजे शोधलेले सापडले नाही. नाहीच, असेही नव्हे. ह्या नमुन्यात, ह्या वेळी सापडले नाही. औषधाच्या दुकानातल्या पोराला हे शेवटचे वाक्य तीनदा समजावून सांगावे लागले, पण एकदा समजल्यावर त्याने ते गावभर समजावले.

‘इन्क्युबेशन पीरियड’ हा शब्द मात्र मी शिकवलाच नाही, मला तो शिकवला गेला. मी लॅटिनपासून सुरुवात केली, की मूळ अर्थ अंड्यांवर बसणे. एक आशाताई कोंबड्या पाळतात. त्या म्हणाल्या, ‘म्हणजे कोंबडी खुडूक बसते तसंच की, गुरुजी. एकवीस दिवस बाहेरून काही दिसत नाही. अंडं तसंच दिसतं. आत मात्र चाललेलं असतं.’ मग त्यांनीच बाकीच्यांना सांगितले, की ह्या रोगाचे अंडे बहुधा पाच-सहा दिवसांत फुटते, पण चौदा दिवसांपर्यंत धीर धरायला हवा, म्हणून तर ते चौदा दिवस. विद्यापीठाच्या पदवीने मला हे साधले नसते.

ह्या चौदा दिवसांवरून क्वारंटाइनकडे येतो, कारण येथे आपल्या मराठीनेही थोडा घोटाळा केला आहे. इंग्रजीत दोन शब्द आहेत. आजारी माणसाला निरोग्यांपासून वेगळे ठेवणे ते ‘आयसोलेशन’. आणि जो आजारी नाही, पण रोगाच्या वाऱ्यात येऊन गेला आहे, त्याला काही दिवस थांबवून पाहणे ते ‘क्वारंटाइन’. एड्रियाटिक समुद्रावरच्या रागुसा बंदराने, म्हणजे हल्लीच्या दुब्रोव्हनिकने, १३७७ साली साथीच्या मुलखातून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर थांबवण्याचा नियम केला. पुढे हे दिवस चाळीस झाले, आणि व्हेनिसच्या बोलीतल्या चाळीस ह्या संख्येवरून हा शब्द निघाला. खलाशी धडधाकट असले तरी त्यांना थांबावे लागे, ही त्यातली मेख. आपल्या वर्तमानपत्रांनी आणि कचेऱ्यांनी मात्र दोहोंनाही बहुतेक ठिकाणी ‘विलगीकरण’ हा एकच शब्द लावला. ‘अलगीकरण’ असाही एक शब्द कोठे कोठे वापरला गेला, पण तो रुळला नाही. परिणाम असा झाला, की परगावाहून आलेला, ताप नाही की खोकला नाही असा मनुष्य विलगीकरणात गेला, की आळीने त्याला रोगी ठरवून टाकले.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात परदेशांतून आलेल्यांच्या डाव्या हातावर ‘होम क्वारंटाइन्ड’ असा शिक्का मारीत, निवडणुकीची न पुसणारी शाई घेऊन. मुंबईच्या शिक्क्यावर तर ‘मुंबईकरांचे रक्षण करण्याचा अभिमान आहे’ अशा आशयाचे इंग्रजी शब्दही होते. असे शिक्के असलेल्या चार प्रवाशांना त्याच महिन्यात पालघर स्थानकावर आगगाडीतून उतरवण्यात आले. वास्तविक त्यांनी घरीच राहायला हवे होते, त्यांची चूक होतीच. पण शिक्क्यातला अभिमान वाचणारा कोणी भेटला नाही. शाई तेवढी सर्वांना वाचता आली.

इंग्रजी शब्दांचे असे ओझे आपल्यावर प्रथमच पडले असेही नाही. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी, मुंबई-पुण्यात प्लेग चालू असताना, सरकारने साथरोगांचा कायदा केला. (प्लेग हा जिवाणूंचा रोग, विषाणूंचा नव्हे. हा भेद कोणी क्षुल्लक समजू नये. जिवाणूवर जे प्रतिजैविक औषध चालते ते विषाणूवर चालत नाही, आणि २०२१ मध्ये ती औषधे आपण चिवड्यासारखी खाल्ली.) त्या कायद्याची मूळ कलमे चार, आणि ‘धोकादायक साथीचा रोग’ म्हणजे काय ह्याची व्याख्या मात्र एकाही कलमात नाही. त्याच अंमलात पुण्यात गोरे सोजीर घराघरांत शिरले, माणसे वेगळ्या छावण्यांत नेली गेली, आणि २२ जूनला रँडसाहेबावर गोळी झाडली गेली. त्याच साली १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता त्याच रोगाने गेल्या. सोजिराची इंग्रजी आणि सावित्रीबाईंची सेवा, दोन्ही त्याच साथीतल्या. आणि तोच कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला.

‘सोशल डिस्टन्सिंग’ ह्या शब्दाशी माझे वैर आहे, ते लपवत नाही. इंग्रजाच्या देशात त्याचा अर्थ एवढाच, की लोकांत मिसळताना अंतर ठेवा. आपण त्याचे ‘सामाजिक अंतर’ केले. ज्या देशात माणसांनी माणसांना शतकानुशतके पाणवठ्यापासून दूर उभे केले, तेथे हे दोन शब्द भिंतीवर रंगवताना कोणाचाच हात अडखळू नये, ह्याचे मला नवल वाटते. वर्गातली नर्सिंगची एक मुलगी म्हणाली, ‘सर, माझ्या आजीला हे अंतर कुणी शिकवायची गरज नव्हती, तिनं ते भोगलंय.’ खोली एकदम गप्प झाली. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्येच ‘फिजिकल डिस्टन्सिंग’ म्हणावे असे सांगितले होते, कारण शरीरे दूर असली तरी माणसे दूर जाऊ नयेत. आमच्या वहीत त्या मुलीने स्वतःच्या अक्षराने ‘हातभर दूर, मनाने जवळ’ असे लिहिले. सरकारी परिभाषेत ते बसणार नाही, पण मी ते खोडले नाही.

आता शब्दयोगी अव्ययांकडे येतो. पोरांना इंग्रजीत सर्वांत कंटाळवाणा भाग हाच वाटतो. ‘डाइड ऑफ’ आणि ‘डाइड विथ’. एक म्हणजे त्या रोगाने गेला, दुसरे म्हणजे तो रोग अंगात असताना गेला. ह्या दोन-तीन अक्षरांवर याद्या लांब-आखूड होतात.

एक भगिनी वर्गात आल्या. त्यांचे यजमान साथीत घरीच वारले होते. हाती जो दाखला होता त्यावर मृत्यूचे कारण ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’. मी अर्थ सांगितला, की हृदय आणि श्वास थांबले. त्या म्हणाल्या, ‘ते तर सगळ्यांचंच थांबतं, गुरुजी. का थांबलं, ते लिहिलं नाही.’ ह्याहून नेमकी टीका मी कोणत्याही वैद्यकीय ग्रंथात वाचलेली नाही. शेवटची क्रिया लिहिली, मूळ कारण लिहिले नाही. इंग्रजीत ह्या मूळ कारणाला ‘अंडरलाइंग कॉज’ म्हणतात. सगळ्या दाखल्यात हा शब्द सर्वांत महत्त्वाचा.

२०२१ च्या सप्टेंबरात केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे निघाली आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. तपासणीत रोग सापडल्यापासून तीस दिवसांच्या आत मृत्यू झाला, तर तो रुग्णालयाबाहेर झाला असला तरी कोविडचाच धरावा, आणि वारसांना पन्नास हजार रुपये द्यावेत. ह्या बाईंच्या यजमानांचा निकाल मृत्यूपूर्वी अकरा दिवस आलेला होता. तो कागद त्यांनी देव्हाऱ्याच्या फळीखाली ठेवला होता, कारण तो ‘वाईट’ कागद होता. आम्ही सगळ्या वर्गाने मिळून त्यांचा अर्ज लिहिला. चार खेपा घालाव्या लागल्या, पण रक्कम मिळाली. त्या वाक्याचे व्याकरण मी आयुष्यात सर्वांत काळजीपूर्वक तपासले असेल.

‘एपिडेमिक’, ‘पॅन्डेमिक’ आणि ‘एन्डेमिक’ ह्या तिघांत फार वेळ घालवत नाही. ‘डेमॉस’ म्हणजे ग्रीकांची जनता. एका मुलखातल्या जनतेवर आले ते पहिले, सर्व जगाच्या जनतेवर पसरले ते दुसरे, आणि जनतेतच घर करून राहिले ते तिसरे. २०२२ साली ‘आता हा रोग एन्डेमिक होणार’ असे छापून येऊ लागले, तेव्हा आपल्या बाजारात पेढे वाटल्यासारखी बातमी पसरली, की ‘एन्ड’ झाला! एन्ड कसला? मलेरिया कित्येक मुलखांत एन्डेमिक आहे आणि माणसे मारतो आहे. पाव्हणा गेला असा त्याचा अर्थ नव्हे, त्याने शिधापत्रिकेत नाव घातले असा आहे.

आणि आपला स्वतःचा शब्द पाहा. ‘साथ’. गवयाला तबलजी देतो ती साथ, संकटात मित्र देतो ती साथ, आणि घरोघर माणसे पाडते तीही साथ. पुष्कळांनी मिळून एकत्र असणे, एवढेच त्या शब्दाच्या मुळाशी आहे. रोग माणसांच्या सहवासावरच जगतो हे आपल्या पूर्वजांनी सूक्ष्मदर्शकावाचून ओळखले होते, असा दावा मी करणार नाही. असले दावे हल्ली फार स्वस्त झाले आहेत. पण आशाताई दारोदार फिरत होत्या तेव्हा त्या दोन्ही साथींच्या मधोमध चालत होत्या, एवढे खरे.

आमच्या वर्गात शेवटी एक वही तयार झाली. तिच्या पहिल्या पानावर शब्द नाही, चार प्रश्न आहेत. इंग्रजीत आणि त्याखाली मराठीत. ‘हा शब्द आपण कोणत्या अर्थाने लिहिला?’ ‘घरी राहायचे की दाखल व्हायचे?’ ‘कोणते लक्षण दिसले तर लगेच यायचे?’ आणि चौथा, चारच शब्दांचा, ‘मी आता काय करू?’ इंग्रजीत तो ‘व्हॉट शुड आय डू नाऊ?’ असा आहे आणि सर्वांच्या तोंडपाठ आहे. त्या एप्रिलच्या संध्याकाळी मुलाने मला शब्दाचा अर्थ विचारला आणि मी तो दिला. ‘कागद देणाऱ्याला पुन्हा फोन लाव आणि चौथा प्रश्न विचार’ असे मी म्हणायला हवे होते, पण तेव्हा तो प्रश्न माझ्यापाशीच नव्हता.

ही वही आज बाहेर टेबलावर, वाचनालयाच्या कारकुनांजवळ ठेवली आहे. ज्यांना उतरवून घ्यायची असेल त्यांनी खुशाल घ्यावी. शेवटची वीस पाने कोरी सोडली आहेत. आपल्या घरच्या कोणत्याही वैद्यकीय कागदावर जो शब्द अडला असेल तो तेथे लिहून ठेवा. नाव-गाव लिहू नका, नुसता शब्द आणि त्याच्या आगेमागे जे लिहिले असेल ते. त्या शब्दांची आम्ही रविवारी डॉक्टरांना विचारून खात्री करून घेतो. माझ्या एकट्याच्या सांगण्यावर आता कोणी थांबत नाही, आणि तसा नियम मीच केला आहे. वर्ग सकाळी आठला भरतो. जिना मात्र थोडा उभा आहे. आमचे स्नेही मधल्या पायरीवर भेटतील, त्यांना वाट द्यावी.